हंगामी पेंग्विन

एगोन झ्वेटलर यांचा डावा गुडघा बरा झाला आणि तिथून सगळं बिघडलं.

तसा तो गुडघा फारसा वाईट कधी नव्हताच. बारा वर्षांपूर्वी, लग्नाआधी, झ्वेटलर आपल्या आईकडे पडदा लावताना स्टुलावरून पडले होते. त्याच आठवड्यात रोसविथाची ओळख झाली. "पाय का ओढताय?" असं तिनं विचारलं, आणि एवढ्या देखण्या मुलीला 'पडदा' असं उत्तर द्यायला झ्वेटलरांची जीभ रेटेना. ते म्हणाले, "बर्फावरची शर्यत. शेवटचं वळण." एवढंच. बाकीचं रोसविथानं आपल्या मनानं भरून घेतलं. खरं म्हणजे झ्वेटलर जन्मात कधी स्कीवर उभे राहिले नव्हते. ऑस्ट्रियात जन्मून स्की येत नाही, ही गोष्ट माणूस डॉक्टरलासुद्धा सांगत नाही.

आणि नेमका डॉक्टरनंच घात केला. नेहमीचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेला तरुण होता, हुशार होता, आणि त्याला खरं बोलण्याचा नाद होता. गुडघ्याचा फोटो दिव्यासमोर धरून तो म्हणाला, "उत्तम आहे."

"पुन्हा एकदा बघा," झ्वेटलर म्हणाले. "कुठंतरी काहीतरी असेल."

"पंचविशीतला गुडघा आहे हो हा! पळा, नाचा, स्की करा."

रोसविथा शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बारा वर्षांनी, एगोन," ती म्हणाली. झ्वेटलरांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं कारण वेगळं होतं. संध्याकाळपर्यंत तिनं फेब्रुवारीच्या सुट्टीसाठी डोंगरातल्या हिंटरकोगलला खोली घेऊन टाकली. दुसऱ्या दिवशी सात वर्षांच्या टिलीनं वर्गात उभं राहून जाहीर केलं, की माझे पपा चॅम्पियन होते आणि आता ते परत मैदानात उतरताहेत.

झ्वेटलर हे काही ऐरेगैरे गृहस्थ नव्हते. व्हिएन्नातल्या सार्वजनिक बागांतल्या बाकांची नोंद ठेवणाऱ्या खात्यात ते दुय्यम अधीक्षक होते. त्यांच्या सहीशिवाय शहरातला एकही बाक जागचा हलत नसे. अशा माणसाला खोटं कबूल करणं जमत नाही. त्यापेक्षा तीन आठवड्यांत स्की शिकणं त्यांना सोपं वाटलं. यावरून त्यांना स्कीबद्दल किती माहिती होती ते लक्षात यावं.

मदतीला इमारत धावून आली. तळमजल्यावरच्या पोस्पिशिलबाईंनी त्यांना जिन्यातच गाठलं.

"बर्फावर पडायचं तर डाव्या कुशीवर पडा, अधीक्षकसाहेब. माझे दोन्ही यजमान उजव्या कुशीवर पडले."

"मग?"

"मग काय, तिसरं लग्न केलं नाही मी."

दुसऱ्या मजल्यावरचे नाव्राटिल जास्त व्यवहारी निघाले. त्यांनी चौतीस वर्षं ट्राम चालवली होती आणि त्यांच्या मते ट्राम काय, स्की काय, सगळा खेळ ब्रेकचा. "आधी ब्रेक लावायचा, मग विचार करायचा. लोक उलटं करतात आणि मरतात," असं सांगून त्यांनी तळघरातून वडिलांच्या लाकडी स्की काढून आणल्या. सव्वादोन मीटर लांबीच्या. झ्वेटलरांना त्या चढवून खालच्या बोळात उभं केलं. सरळ उभं राहणं जमलं. वळणं मात्र जमेना, कारण पुढची टोकं टपालपेट्यांना लागत होती आणि मागची पोस्पिशिलबाईंच्या दाराला. पाऊण तास झ्वेटलर तसेच तिरके उभे होते. येणारेजाणारे पायांवरून ढेंगा टाकून जात आणि जाताना आपला एकेक सल्ला देऊन जात. शेवटी नाव्राटिलना युक्ती सुचली. त्यांनी लिफ्टचं जाळीचं दार उघडलं आणि टोकं आत घालून वळा म्हणाले. झ्वेटलर अर्धे वळले असतील नसतील, तोच चौथ्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं. स्कीच्या जुन्या पट्ट्यांची कृपा, की पाय वेळेवर सुटले. झ्वेटलर खालीच राहिले, स्की चौथ्या मजल्यावर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्या दोनाच्या चार झाल्या होत्या.

"ब्रेक लावायला हवा होता," नाव्राटिल म्हणाले.

हिंटरकोगल तसं छोटं गाव. एक उतार, वर ओढत नेणारा एक दोर, लहान मुलांसाठी एक सरकता पट्टा, एक खानावळ. मुलांना सोडलं की हरवत नाहीत आणि खानावळीत बसल्या जागेवरून दिसतात, म्हणून वर्षानुवर्षं तीच तीच कुटुंबं तिथं येतात. झ्वेटलरांनी गाडीतून उतरताना उताराकडे पाहिलं. उतारापलीकडे, झाडांच्या वरच्या अंगाला, एक काळा फलक होता. त्यामागचा कडा फक्त पट्टीच्या लोकांसाठी राखून ठेवलेला होता.

"तू तिकडेच जाणार ना?" रोसविथानं कौतुकानं विचारलं.

"हो. पण एकटाच," झ्वेटलर म्हणाले. "पहिले काही दिवस मला आणि गुडघ्याला एकांत हवा."

या वाक्याचा रोसविथावर असा परिणाम झाला, की तिनं त्यांचा हात दाबला आणि स्वतः दरीतल्या सपाट वाटेवर लांब पल्ल्याची स्की करायला जायचं ठरवलं. टिलीची रवानगी सोमवारी सकाळी स्कीशाळेत झाली. झ्वेटलर खांद्यावर भाड्याच्या स्की टाकून झाडांच्या दिशेनं निघाले, दोघी दिसेनाशा झाल्यावर खानावळीला वळसा घातला आणि मागच्या बाजूनं स्कीशाळेच्या कचेरीत शिरले.

कचेरीत बुर्गी आत्या बसल्या होत्या. वय अडुसष्ट, चेहरा उन्हानं अक्रोडासारखा झालेला. स्कीशाळेच्या चालक त्या, लहान मुलांच्या शिक्षिका त्या, आणि सगळं गाव त्यांना आत्या म्हणे.

"मोठ्या माणसांचा वर्ग आहे?" झ्वेटलरांनी हळूच विचारलं.

"असतो. जानेवारीत. संपला."

"मग खाजगी शिकवणी?"

"शिकवायला माणूस कुठाय? दुसरे मास्तर कोल्ह्यांचा गट घेतात. ज्यांना येतं ती मुलं कोल्हे. ज्यांना येत नाही ती पिल्लं. पिल्लं माझ्याकडे."

झ्वेटलर काउंटरवर वाकले. "मला पिल्लांत घ्या."

आत्यांनी चष्मा वर केला. "वय?"

"शेहेचाळीस."

"मर्यादा आठची आहे."

"अपवादाची काही तरतूद?" नियम झ्वेटलरांच्या जिवाभावाचा विषय होता. रोज दहा माणसांना ते अपवाद नाही म्हणून परत पाठवत. काउंटरच्या या बाजूनं तेच ऐकायला कसं वाटतं, हे त्यांना आज कळत होतं.

आत्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. "बर्फबागेत फक्त मुलं, शिक्षक आणि पेंग्विन. आईबापांना प्रवेश नाही. आईबाप आत आले की पिल्लं रडतात." एवढं बोलून त्या थांबल्या. झ्वेटलरांना त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "उंची किती?"

"एक अठ्ठ्याहत्तर. का?"

"आमच्या पेंग्विनच्या पोशाखात पोस्टमन असायचा. रविवारी मुलांसमोर नाचता नाचता त्याच्या कमरेत उसण भरली. जागा रिकामी आहे."

झ्वेटलर ताडकन उठले. आपण कोण, आपल्या सहीचं वजन काय, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तिसरं वाक्य सांगण्याआधी त्यांना खिडकीतून टिली दिसली. ती इकडेच बघत होती. ते चटकन खाली बसले. टेबलाखालूनच म्हणाले, "पेंग्विनच्या आतल्या माणसाचा चेहरा दिसतो का हो?"

"तुमचा? अजिबात नाही. चोचीतून तुम्ही बघायचं."

अर्ज दोन पानी निघाला. 'पेंग्विन म्हणून पूर्वानुभव' या रकान्यात झ्वेटलरांनी प्रामाणिकपणे 'नाही' असं लिहिलं. लहान मुलांत वावरायचं तर चारित्र्याचा दाखला हवा म्हणाल्यावर त्यांनी तो खिशातून काढून दिला. प्रवासात स्वतःच्या चारित्र्याची साक्षांकित प्रत बरोबर ठेवणाऱ्यांपैकी ते होते. आत्यांनी शिक्का मारला, 'हंगामी' असा शेरा दिला आणि नियम वाचून दाखवले. पेंग्विननं मुलांना घाबरवू नये. पेंग्विननं धूम्रपान करू नये. पेंग्विननं मुलांसमोर डोकं काढू नये. पेंग्विन कधीही बोलत नाही.

"आणि एक," दारातून बाहेर पडता पडता आत्या म्हणाल्या. "ही कचेरी नऊशे नव्वद मीटरवर आहे. हजाराच्या वर आम्ही सगळे एकमेकांना अरेतुरे करतो. डोंगराची रीत आहे. वाईट वाटून घ्यायचं नाही, अधीक्षकसाहेब."

झ्वेटलरांनी पोशाख आणि स्की चढवल्या, आणि सरकत्या पट्ट्यावर उभे राहून दोघं वर निघाले. "तोल सांभाळा तुम्ही," आत्या म्हणाल्या. "हात पुढे घ्या, असे." बाजूनं 'एक हजार मीटर' असा खांब गेला. "अरे पाय जुळव ना! पट्टा संपतोय, उतर! गाढवा, उतर!"

झ्वेटलर उतरले नाहीत. ते आडवे झाले, आणि पट्ट्यानं त्यांना पार्सलासारखं बर्फात लोटलं.

सहा पिल्लं रांगेत उभी होती. त्यांनी टाळ्या पिटल्या. कुंपणापलीकडे आईबाप उभे होते, त्यांनीही पिटल्या. झ्वेटलर उठले आणि पुन्हा पडले. या खेपेला मुद्दाम डाव्या कुशीवर. पोट एवढं गोल, की पडले की ते अर्धा मीटर पुढेमागे झुलत, आणि पंख एवढे तोकडे, की जमिनीला हात टेकत नसे. पहिल्या दिवशी ते एकोणीस वेळा पडले. एकदाही ते विनोद करत नव्हते. पण कुंपणाशी गर्दी वाढत गेली.

"काय अभिनय आहे!" एक गृहस्थ बायकोला म्हणाला. "पोस्टमन पडायचा, पण इतकं मनापासून नाही."

"बघ ना, कसा अगदी न येणाऱ्या माणसासारखा पडतोय!"

चोचीच्या आत झ्वेटलरांचे कान तापले. बाकखात्यात एकवीस वर्षं नोकरी करून त्यांच्या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. वाजल्या त्या अशा.

पिल्लांना मात्र खरी गोष्ट लगेच कळली. लहान मुलांना फसवणं अवघड. रेसी नावाची चार वर्षांची चिमुरडी त्यांच्या अंगावर ओणवी झाली आणि म्हणाली, "याला येत नाहीये." मग तिनं सगळा कारभार हाती घेतला. "पिझ्झा कर! पुढची टोकं जवळ, मागची लांब. पिझ्झा! हा पिझ्झाये का? ही शेवई झाली." जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहाही पिल्लं पेंग्विनला शिकवत होती आणि बुर्गी आत्या बाकावर बसून निवांत कॉफी पीत होत्या. तीस वर्षांत वर्ग इतका शांत कधी गेला नव्हता, असं त्या नंतर म्हणाल्या.

सुट्टीत कोल्हे खाली आले. नऊ कोल्हे खानावळीकडे पळाले. दहावा कोल्हा कुंपणाशी आला आणि त्यानं पेंग्विनच्या पोटाला मिठी मारली. ती टिली होती.

झ्वेटलरांनी चटकन मान फिरवली. पण ओळखायला दिसत होतं काय? काळी चोच आणि दोन मोठे प्लास्टिकचे डोळे.

"पेंग्विन, तू कुणाला सांगणार नाहीस ना?" टिली पोटात तोंड खुपसून म्हणाली.

पेंग्विननं मान हलवली. बोलायला परवानगी नव्हती.

"मला येत नाही. मास्तरांनी विचारलं, तर मी सांगितलं येतं. माझे पपा चॅम्पियन आहेत. ते आत्ता वर काळ्या कड्यावर आहेत, एकटे. मी पिल्लांत बसले तर त्यांना किती वाईट वाटेल! मी रोज सांगणारे पोटात दुखतं म्हणून. मग मला बाथरूममध्ये बसता येईल." मग ती आणखी बिलगली. "पण खरंच दुखतं रे पोटात."

पेंग्विननं आपला तोकडा पंख तिच्या टोपीवर ठेवला. आत दुय्यम अधीक्षक झ्वेटलर ओठ घट्ट मिटून उभे होते. तोंडावर आलेलं वाक्य त्यांनी गिळलं आणि पुढे चार दिवस ते बाहेर येऊ दिलं नाही.

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर त्यांनी प्रयत्न केला. आलुबुखाराचा मुरांबा भरलेल्या वाफाळत्या गोळ्यावर खसखस पेरता पेरता ते सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, "टिली, स्की नाही आली तरी काही बिघडत नाही, बरं का."

टिलीनं दचकून वर बघितलं. "मास्तरांनी तुला काही सांगितलं?"

"नाही, नाही! मी आपलं सर्वसाधारण बोलतोय."

"तू असं बोलतोस?" रोसविथानं चमचा खाली ठेवला. "तू, एगोन? पोरीला काय वाटेल?" मग मुलीच्या केसांवरून हात फिरवत ती म्हणाली, "पपांच्या रक्तातच आहे ते. तुझ्याही रक्तात असणार. बघ शुक्रवारी शर्यतीत कशी येतेस ती."

"शर्यत?" झ्वेटलर आणि टिली एकदमच म्हणाले.

दर शुक्रवारी शर्यत असे. बारा झेंड्यांमधून नागमोडी यायचं. आणि हिंटरकोगलची प्रथा अशी, की सगळ्यांत आधी पेंग्विन खाली येतो, त्यानंतर मुलं. हे झ्वेटलरांना बुधवारी कळलं. ते लगेच राजीनामा घेऊन कचेरीत गेले.

"एक महिन्याची सूचना द्यावी लागते," बुर्गी आत्या म्हणाल्या.

"हंगामी पदालासुद्धा?"

"तुमच्या खात्यात हंगामी माणसाला काय नियम आहे?"

झ्वेटलरांनी राजीनामा घडी करून परत खिशात घातला. त्यांच्या खात्यात दोन महिन्यांचा होता.

शुक्रवार स्वच्छ उजाडला. बक्षीस समारंभाला खानावळीच्या अंगणात टेबलं मांडली होती, रोसविथा शेवटच्या रेषेशी पहिल्या रांगेत उभी होती. "माझा नवरा येईलच कड्यावरून," ती सगळ्यांना सांगत होती. "मुलीची शर्यत तो चुकवायचा नाही."

नवरा वर सुरुवातीच्या ओट्यावर उभा होता. तिथं शर्यतीचे पंच होते गोटहार्ड, निवृत्त स्टेशनमास्तर. लाल टोपी घालून, शिट्टी घेऊन, घड्याळाच्या यंत्रापाशी ते असे उभे होते, की आता एक्सप्रेस येणार. पेंग्विनच्या पोटावर नंबरची पट्टी पुरेना, म्हणून त्यांनी ती डोक्याला, चोचीच्या वर, बांधून टाकली. नंबर शून्य. नंबर एक टिलीचा निघाला होता.

टिली पेंग्विनच्या मागेच उभी होती. तिचा चेहरा बर्फापेक्षा पांढरा पडला होता. "पेंग्विन," ती कुजबुजली, "पपा खाली असतील. त्यांना सगळं कळेल आता." आणि ती रडायला लागली. आवाज न करता, खाली बघत, नाक ओढत.

"पेंग्विन तयार!" गोटहार्ड ओरडले.

झ्वेटलरांनी खाली बघितलं. बारा झेंडे, रेषेशी गर्दी, गर्दीत रोसविथाची हिरवी टोपी. त्यांनी एकदा मागे बघितलं. मग नियमाचा माणूस असलेल्या त्या गृहस्थानं दोन्ही पंख वर केले आणि आपलं डोकं उपटून काढलं.

"टिली," ते म्हणाले, "मलाही येत नाही."

टिली रडायची थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"कधीच येत नव्हतं. मी चॅम्पियन वगैरे कोणी नाही. मी पडदा लावताना पडलो होतो."

"पेंग्विननं डोकं काढायचं नाही!" गोटहार्ड धावत आले. "नियम आहे! डोकं घाला! आधी डोकं घाला, मग कौटुंबिक!" त्यांनी डोकं हिसकावलं, झ्वेटलरांनी धरून ठेवलं, दोघांच्या ओढाताणीत ते सटकलं, बर्फावर टेकलं, घड्याळाला जोडलेल्या सुरुवातीच्या छडीला ढकलून पुढे गेलं आणि उताराला लागलं. घड्याळ सुरू झालं.

ते डोकं ज्या डौलानं खाली गेलं, तसा डौल हिंटरकोगलमध्ये पूर्वी कुणी पाहिला नव्हता. चोच वर, नंबर समोर, स्वतःभोवती गिरक्या घेत ते पहिल्या झेंड्याला उजवीकडून गेलं, दुसऱ्याला डावीकडून. "अरे पकडा!" म्हणत झ्वेटलर त्याच्यामागे झुकले, आणि झुकल्याबरोबर निघाले. पिझ्झा, शेवई, पुन्हा पिझ्झा, मग ज्याला स्वयंपाकघरात नाव नाही असं काहीतरी. तिसऱ्या झेंड्याशी त्यांचे पाय वर गेले, चौथ्याला त्यांनी मिठी मारली, पाचव्यापासून पुढे ते पोटावर आडवे होऊन, दोन्ही तोकडे पंख पसरून, सात झेंडे बरोबर घेऊन आले.

रेषेशी आधी डोकं आलं. चोवीस सेकंद. लोकांनी जल्लोष केला. मग लोकांनी वर बघितलं आणि सगळं शांत झालं. गोल पोटावर मधोमध एका भल्या माणसाचा चेहरा बसवलेला एक पेंग्विन रोसविथाच्या पायांपाशी येऊन थांबला.

"पेंग्विनच्या पोटात माणूस आहे!" एक पिल्लू किंचाळलं.

"पेंग्विननं त्याला गिळलं होतं," रेसीनं समजावलं. "आता ओकला."

पिल्लांचं समाधान झालं. रोसविथाचं झालं नाही.

"एगोन," ती म्हणाली. "तू कड्यावर होतास ना?"

"नाही."

"आणि गुडघा? शेवटचं वळण?"

"पडदा," झ्वेटलर आडव्यानंच म्हणाले. "आईकडचा. हिरवा."

रोसविथानं एक हातमोजा काढला, मग दुसरा. कुंपणाशी उभे असलेले सगळेजण, ऐकायला यावं म्हणून, काहीच बोलत नव्हते.

"बारा वर्षं," शेवटी ती म्हणाली, "बारा वर्षं मी रोज संध्याकाळी त्या पायाखाली उशी देतेय. त्या उशीवर मी स्वतःच्या हातानं पदक भरलंय, एगोन. सोनेरी दोऱ्यानं."

"फार सुंदर आहे ते पदक," झ्वेटलर म्हणाले.

"घरी गेल्यावर बोलू." हे वाक्य ऐकून कुंपणाशी दोन नवरे विनाकारण दचकले. पण एवढं बोलताना रोसविथाच्या ओठांचा एक कोपरा हलला. तो खाली जाणार की वर, हे कळायच्या आत वरून गोटहार्डांची शिट्टी ऐकू आली. "नंबर एक!"

सगळे वर बघायला लागले. ओट्यावर टिली एकटी उभी होती. तिनं खाली वाकून पायातल्या स्की काढल्या, एकावर एक ठेवून काखेत घेतल्या, छडी हातानं ढकलली आणि चालायला लागली. उरलेल्या झेंड्यांना ती नीट वळसा घालून जात होती आणि जिथले झेंडे बापानं नेले होते, तिथं खड्ड्याला वळसा घालत होती. एकही चुकवला नाही. रेषा ओलांडली तेव्हा आठ मिनिटं अकरा सेकंद झाली होती. चालत येऊ नये असा नियम नव्हता. गोटहार्डांनी दोनदा पुस्तक उलटसुलट चाळून खात्री करून घेतली. पेंग्विनच्या बाबतीत मात्र त्यांनी ताडकन निकाल दिला. नंबर डोक्यावर होता, तेव्हा स्पर्धक म्हणजे डोकं. मागून आलेलं शरीर हे सुटलेलं सामान. त्या दिवसाचा पहिला क्रमांक डोक्याला मिळाला.

टिली बापापाशी आली. "तुला अजिबात येत नाही?"

"पिझ्झा थोडा येतो."

"मला पिझ्झापण नाही येत."

"मी दाखवीन की," झ्वेटलर म्हणाले. "चुकलं तर रेसी सांगते."

टिली त्यांच्याशेजारी बर्फात बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिला उचकी लागली. रोसविथानं तिला पाणी आणायला म्हणून पाठ फिरवली आणि खानावळीच्या भिंतीकडे तोंड करून तीही खांदे हलेपर्यंत हसली.

तेवढ्यात घसा खाकरल्याचा आवाज झाला. सोमवारी 'काय अभिनय आहे' म्हणणारे ते गृहस्थ पुढे आले. ग्राझला त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. आजूबाजूला बघत, आवाज खाली आणून ते म्हणाले, "माफ करा. म्हणजे... तुम्ही कुणाकडे शिकता?"

"काय?" त्यांची बायको म्हणाली. "तू तर सकाळी कड्यावर जात होतास ना?"

"खानावळीच्या मागच्या खोलीत जात होतो," ते गृहस्थ जमिनीकडे बघत म्हणाले. "पत्ते खेळतो आम्ही. मी, साल्झबुर्गचे ते वकील, आणि तो उंच डॉक्टर."

आता वकील कुठं लपतात आणि डॉक्टर कुठं बघतात, असं झालं. हिंटरकोगलच्या काळ्या कड्यावर त्या आठवड्यात एकही माणूस गेला नव्हता, हे वर नेणारा दोर जो चालवत होता त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं.

बुर्गी आत्यांनी कॉफीचा कप बाकावर ठेवला. चार बाप आणि एक कोल्हा, असे पाच जण त्यांनी बोटानं मोजले. कचेरीतल्या पाटीचं त्यांनी नावही काढलं नाही.

"तीन वाजता," त्या म्हणाल्या. "नाक पुसून या सगळ्यांनी."

तीन वाजता बर्फबागेत रेसीनं वकिलांना रांगेत उभं केलं. डॉक्टरांना दुसरं एक पिल्लू शेवई आणि पिझ्झातला फरक समजावत होतं. झ्वेटलर, पेंग्विनचं पोट काढून आपल्या नेहमीच्या सदऱ्यात, उताराच्या पायथ्याशी हात पसरून उभे राहिले. टिली वरून निघाली. गुडघे वाकवले, टोकं जवळ आणली, डोळे गच्च मिटले आणि आली ती थेट बापावर. दोघंही आडवे झाले.

"तू वाटेत उभा होतास, पपा," टिली तोंडातला बर्फ थुंकत म्हणाली.

"ब्रेक लावायला हवा होतास तू."

"डोळे उघडे ठेवायचे असतात का?"

"मलाही माहीत नाही," झ्वेटलर म्हणाले. "थांब, रेसीला विचारू."